रबरी हाताचं पूर्ण नाव

मित्रांनो, मी एक जुना हात आहे. नुसता हात. दंडापासून बोटांच्या टोकापर्यंत सगळा आहे, पण पुढे-मागे कुणी नाही. धड नाही, डोकं नाही, तोंड तर नाहीच. तोंड नसलेला हात बोलतो कसा, असं तुम्ही विचाराल. पण ज्यांना तोंड असतं ती माणसंसुद्धा कधी कधी नको तिथे गप्प राहतात, आणि माझी गोष्ट त्या गप्प राहण्याचीच आहे. म्हणून तेवढी ऐकून घ्या.

मी रबराचा आहे. माझा जन्म कुठल्याशा लांबच्या कारखान्यात झाला. साच्यात रबर ओतून मला घडवलं, आत बारीक नळ्या घातल्या, आणि वरून पातळ कातडी चढवली. त्या नळ्या म्हणजे माझ्या शिरा. दंडाच्या टोकाला एक पिशवी अडकवायची, तिच्यात लाल रंगाचं पाणी भरायचं, की झालं माझं रक्त तयार. कातडीचा रंग मात्र कारखान्याने असा गुलाबी दिला की विचारू नका. पेण-रोह्याकडे अशा रंगाचा माणूस मी आजवर पाहिलेला नाही.

मला पेणला आणलं वृंदाताईंनी. वीस वर्षं त्यांनी लॅबमध्ये लोकांचं रक्त काढायचं काम केलं होतं. वडील शिक्षक, त्यामुळे शिकवण्याची हौस घरातूनच आलेली. नोकरी सोडल्यावर त्यांनी कान्हू मूर्तिकाराच्या गणपतीच्या कारखान्यावरच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या आणि बाहेर पाटी लावली, ‘फ्लेबॉटॉमी तंत्रज्ञ प्रशिक्षण वर्ग’. ते लांबलचक नाव आळीत कुणाच्या जिभेवर बसलं नाही. सगळे आपले ‘रक्ताचा क्लास’ म्हणत.

मी खोक्यातून बाहेर आलो तेव्हा कान्हू जिना चढून मला बघायला आला होता. त्याच्या हाताला कोपरापर्यंत शाडू लागलेला होता. त्याने मला उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाला, “ताई, हात पायजे होता तर मला सांगायचं. खाली हजारभर पडलेत.” वृंदाताई हसल्या. पण पुढे माझ्या कातडीला भोकं पडून लाल पाणी गळायला लागलं, तेव्हा कान्हूच मला खाली नेऊन काहीतरी लुकण भरून बुजवून देई. त्याबद्दल मी त्याचा ऋणी आहे.

माझं काम सोपं होतं. टोचून घ्यायचं. सकाळी दहा वाजता मुलंमुली येत. कुणी जिते गावाहून गाडीने येई, कुणी डोलवीच्या बाजूने. एकेकजण माझ्यासमोर स्टुलावर बसे. कोपराच्या वर चार बोटं सोडून रबरी पट्टा बांधायचा. बोटाने चाचपून शीर शोधायची. स्पिरिटचा बोळा फिरवायचा आणि ते वाळू द्यायचं. सुई तिरकी धरून आत घालायची, ट्यूब भरली की आधी पट्टा सोडायचा आणि मगच सुई काढायची. नवखी मुलं हे उलटं करत आणि सगळं टेबल लाल होई. डोलवीच्या कंपनीत कंत्राटावर काम केलेला एक आडदांड मुलगा पहिल्याच दिवशी माझं रक्त बघून मटकन खाली बसला होता. खऱ्या माणसासमोर असं झालं असतं तर शोभा झाली असती. माझ्यासमोर झालं, म्हणून झाकलं गेलं. मला त्याचा अभिमान वाटायचा. चुका करायच्या तर त्या माझ्यावर कराव्यात, म्हणून तर मला आणलं होतं.

पण एक चूक माझ्यावर कधी झालीच नाही, आणि तिथेच सगळं चुकलं.

वृंदाताईंचा एक नियम होता. सुई उचलायच्या आधी नाव विचारायचं. ‘तुम्ही अमुक का?’ असं विचारायचं नाही, कारण तापातला माणूस कशालाही मान हलवतो. ‘तुमचं पूर्ण नाव सांगा,’ असं म्हणायचं, आणि माणूस स्वतःच्या तोंडाने सांगेपर्यंत थांबायचं. मग ते नाव कागदाशी ताडून बघायचं. रक्त काढल्यावर तिथेच, त्याच्या डोळ्यांदेखत, ट्यूबवर लिहायचं. “शीर नाही सापडली तर परत शोधता येते,” त्या म्हणत. “नाव चुकलं तर परत काही करता येत नाही.”

सुरुवातीच्या वर्षी मुलं मलासुद्धा नाव विचारत. “तुमचं पूर्ण नाव सांगा,” असं रबरी हाताला म्हणायचं आणि थांबायचं. त्यांना हसू फुटे. शेवटी कुणीतरी माझं नाव ठेवलं हैबतराव. मग काय, “हैबतराव, हात द्या,” “हैबतराव, दुखलं का?” आणि सुई आत. जित्याची पुतळी नावाची मुलगी तर मला रोज “हैबतराव, आज वैनी नाय आल्या?” असं विचारून सगळ्या वर्गाला हसवायची. वृंदाताईंनी दोन-चारदा दटावलं, मग त्याही हसल्या आणि सोडून दिलं. रबरी हाताला नाव विचारून करायचं तरी काय? मलाही ते नाव आवडलं होतं. खोटं कशाला सांगू, आपल्याला कुणीतरी नावाने हाक मारतं याचं मला फार अप्रूप होतं.

मिठाचा हंगाम संपल्यावर एका जूनमध्ये शकू आली. खाडीकाठच्या गावातली. बाप हिरामण आणि आई सगुणा दोघंही मिठागरात राबणारी. ही पण बारावी होईपर्यंत दर हंगामात डोक्यावर मिठाची पाटी घेऊन बांधावरून चाललेली. पहिल्या दिवशी वृंदाताईंनी सगळ्यांना विचारलं की तुम्ही इथे का आलात. बाकीच्यांनी नोकरीसाठी म्हणून सांगितलं. शकूने सांगितलं की तिच्या आईला ताप आला होता, तेव्हा रक्त काढायला सहा वेळा टोचलं. दोन्ही हात काळेनिळे झाले. टोचणारा वैतागून म्हणाला होता की मिठागरातल्या माणसांना शिराच नसतात. घरी येऊन आईने पदराने हात झाकून घेतले आणि चार दिवस कुणाला दाखवले नाहीत.

“शिरा असतात,” शकू म्हणाली. “शोधणारा पायजे.”

पण मित्रांनो, शकूला शीर सापडेना. डोळ्यांनी नव्हे, बोटाने शोधायची असते शीर. बोटाच्या टोकाखाली ती किंचित दबते आणि परत वर येते, तेवढीच तिची खूण. आणि शकूची बोटं मिठाने राठ झालेली. टोकांना भेगा, वर जाड कातडी. ती माझ्या कोपराच्या खळगीवर बोट ठेवायची तेव्हा ते मला लाकडाच्या काटकीसारखं लागायचं. मला तिचं बोट कळे, पण तिला माझी शीर कळत नसे. तिने मला इतकं टोचलं की एका आठवड्यात कान्हूला मला दोनदा खाली न्यावं लागलं.

वृंदाताईंनी तिला सांगितलं की बोटं मऊ झाल्याशिवाय हे काम तुला जमायचं नाही, आणि मिठागरात जात राहिलीस तर ती कधीच मऊ व्हायची नाहीत. शकूने घरी जाऊन ते सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती आली ती रडून सुजलेल्या डोळ्यांनीच. मला वाटलं, नाही म्हणाले असतील घरचे. पण तसं नव्हतं. आईने सांगितलं होतं, “तुझी पाटी मी वाहीन. तू बोटां सांभाळ.” आणि खरंच, पुढच्या हंगामात सगुणाबाईंनी आपल्या वाटच्या पाट्या वाहिल्या आणि लेकीच्याही वाहिल्या.

शकू रोज रात्री खोबरेल चोळून झोपायची आणि दुपारी सगळे डबा खायला गेले की माझ्यासमोर येऊन बसायची. डोळे मिटून घ्यायची. सुई नाही, पट्टा नाही, नुसतं बोट. माझ्या दंडावरून खाली, खळगीवरून मनगटाकडे, सावकाश. मला आयुष्यात इतक्या मायेने कुणी हात लावलेला नाही. खालून कान्हूच्या माणसांचा आवाज येई, आळीतून टेम्पो जाई, पण ती हलत नसे. दिवाळी झाल्यावर एका दुपारी तिचं बोट एका जागी थांबलं. पुढे गेलं, परत आलं आणि पुन्हा तिथेच थांबलं.

“ही इथं,” ती हळूच म्हणाली. सुई घेतली, आणि पहिल्याच खेपेला ट्यूब भरली. वर्गात दुसरं कुणी नव्हतं. तिने माझ्या तळव्यावर कपाळ टेकलं. मला बोटं मिटता आली असती तर मी मिटली असती.

वर्गाची एक रीत होती. पहिली खरी सुई वृंदाताई स्वतःच्या हातावर टोचून घेत. विद्यार्थी कितीही कच्चा असो, त्या बाही वर करून बसत. त्यांच्या कोपराला त्या खुणांचे ठिपके होते, प्रत्येक तुकडीचे. शकूची पाळी आली तेव्हा त्यांनी डोळे मिटले होते. थोड्या वेळाने म्हणाल्या, “टोच ना.” शकूने ट्यूब दाखवली. ती भरून झाली होती. वृंदाताईंनी सुईच्या जागी दाबलेला तो बोळा टाकला नाही, टेबलाच्या खणात ठेवला. इतकी वर्षं शिकवलं, पण असा हात मला मिळाला नव्हता, असं त्या संध्याकाळी कान्हूला सांगत होत्या.

मग शेवटचा भाग. रोह्याच्या एका इस्पितळात तीन महिने जाऊन खऱ्या रुग्णांचं रक्त काढायचं, बाजूला एक जाणता तंत्रज्ञ उभा असायचा, आणि ते झालं की प्रमाणपत्र. शकू रोज सकाळी पेणहून गाडीने रोह्याला जायची. संध्याकाळी परतताना वर्गात डोकावून जायची आणि माझ्या पंजाला टाळी दिल्यासारखं करून आजच्या गमती सांगायची. माझ्याशी ती खुशाल बोलायची. हात ऐकतो की नाही, याची तिला फिकीर नव्हती. पुढची हकिकतही तिनेच मला सांगितली, पण ती अशी हसत नाही.

त्या इस्पितळाच्या बायकांच्या वॉर्डात त्या दिवशी दोन सीताबाई मोकल होत्या. आमच्याकडे यात नवल काहीच नाही. खाडीकाठी एका आडनावाची अख्खी गावं असतात, आणि जुन्या बायकांत सीताबाई घरोघरी. एक सीताबाई नाथा मोकल. त्या रोह्याजवळ वरश्याला लेकीकडे आल्या होत्या आणि मोरीत घसरून त्यांचा खुबा मोडला होता. दुसऱ्या सीताबाई गुणाजी मोकल. त्यांच्या अंगात रक्त कमी होतं. दोघींचाही रक्तगट तपासायचा होता. नाथांच्या सीताबाई खिडकीकडे, गुणाजींच्या दाराकडे, असं सिस्टरने सकाळी सांगून ठेवलं होतं. पण मधल्या वेळात नाथांच्या सीताबाईंना एक्स-रेला नेलं, आणि परत आणल्यावर त्यांची खाट दाराकडे लागली. दुसरीची खिडकीकडे सरकली. कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं. बाजूला उभा राहायचा तो तंत्रज्ञ कुणीतरी बोलावलं म्हणून दुसऱ्या वॉर्डात गेला होता. मी येतोच, तोवर सुरू कर, असं म्हणून.

शकूच्या हातात दोन कागद होते. ती दाराकडच्या खाटेपाशी गेली आणि शिकवल्याप्रमाणे म्हणाली, “आये, पूर्ण नाव सांगा.”

“सीताबाय मोकल.”

“मधलं नाव?”

म्हातारीने दुखण्यातही पदर सारखा केला आणि हसली. “आता या वयात त्यांचं नाव घ्यायला लावतेस व्हय गो?”

मित्रांनो, तुम्हाला हे कदाचित गमतीचं वाटेल. पण त्या पिढीच्या बायका नवऱ्याचं नाव तोंडाने उच्चारत नसत. उच्चारलं तर नवऱ्याचा मान जातो, आयुष्य कमी होतं, असं त्या मानत. आणि बाईच्या पूर्ण नावात मधोमध नवऱ्याचंच नाव असतं. म्हणजे पूर्ण नाव सांगणं त्यांच्या जिवावर येई. शकूच्या घरी काही वेगळं नव्हतं. तिची आई बापाला ‘शकूचे बा’ म्हणायची. परगावची एखादी मुलगी असती तर तिला हे कळलंच नसतं. तिने पुन्हा विचारलं असतं, कुणाला तरी बोलावलं असतं, नाहीतर कंटाळून लेकीची वाट पाहिली असती. शकूला कळलं. तिला ते फार चांगलं कळलं. आपल्या आजीच्या वयाच्या बाईला भर वॉर्डात नवऱ्याचं नाव घ्यायला लावायचं, हे तिला निर्लज्जपणाचं वाटलं. “राहू दे गो आये,” ती म्हणाली आणि दाराकडच्या खाटेचा म्हणून जो कागद वर होता, त्यावरचं नाव तिने धरलं.

शीर पहिल्या खेपेला सापडली. मिठागरातल्या बाईची शीर, खोल गेलेली, नजरेला न दिसणारी. शकूच्या बोटाला मात्र ती लगेच कळली. सुई काढून झाली तरी म्हातारी हात पुढे धरून वाट बघत होती. झालं म्हटल्यावर तिने शकूच्या गालावरून हात फिरवला.

“तुजा हात हलका हाय गो पोरी. मुंगी चावली तेवढंपण नाय कळलं.”

एवढं ऐकण्यासाठी तर ती इथवर आली होती. हलका हात! सहा वेळा टोचलेल्या आईचं उट्टं तिने त्या एका टोचणीत काढलं होतं. तिचे डोळे भरून आले. त्याच आनंदात तिने ट्यूबवर नाव लिहिलं, सुंदर गोल अक्षरात, ‘सीताबाई गुणाजी मोकल’. आता एकच कागद उरला होता, म्हणून खिडकीकडच्या सीताबाईंना तिने मधलं नाव विचारलंसुद्धा नाही. त्यांच्या ट्यूबवर नाथांचं नाव गेलं.

त्या संध्याकाळी ती जिना धावत चढून आली होती. मला ती म्हातारी काय म्हणाली ते दोनदा सांगितलं. कान्हूला सांगून पेढे मागवले. माझ्या तळव्यावरही एक ठेवला, आणि मग हसून स्वतःच खाल्ला.

तिसऱ्या दिवशी नाथांच्या सीताबाईंना ऑपरेशनसाठी रक्त चढवलं. ते दुसऱ्या गटाचं होतं. थोड्याच वेळात त्यांना हुडहुडी भरली, कंबर धरून त्या कण्हायला लागल्या. रक्त थांबवलं, धावाधाव झाली, रात्रीतून मोठ्या इस्पितळात नेलं. दुसऱ्या सीताबाईंना पिशवी लावायच्या आधीच घोळ लक्षात आला, म्हणून त्या वाचल्या. नाथांच्या सीताबाई पाचव्या दिवशी गेल्या.

पुढे चौकशी झाली. खाट कुणी हलवली, तंत्रज्ञ कुठे होता, दुसऱ्यांदा तपासणी का केली नाही, सगळे प्रश्न विचारले गेले आणि सगळ्यांनी आपापली उत्तरं दिली. वृंदाताईंनी एक ओळ लिहून दिली, ‘मुलगी माझी विद्यार्थिनी आहे, तिला मी शिकवलं, जबाबदारी माझी.’ त्यानंतर त्यांच्या वर्गातल्या मुलांना त्या इस्पितळात कुणी उभं केलं नाही. नवी तुकडी भरली नाही. वृंदाताई एकदा माझ्यासमोर बसून म्हणाल्या होत्या, “याला नाव विचारायची सवय मी मोडू दिली.” मित्रांनो, ते ऐकून मला जे वाटलं ते मी कसं सांगू? शीर मी शिकवली होती. हात हलका माझ्यावर झाला होता. पण नाव विचारल्यावर गप्प राहणाऱ्या माणसापुढे थांबायचं कसं, हे मला शिकवता आलं असतं, कारण माझ्याइतकं गप्प कोण राहणार? आणि मी हैबतराव होऊन खुशीत बसलो होतो.

पंधरा दिवसांनी नाथा मोकल आले. पंचाहत्तरी उलटलेला वाळका माणूस, पायांना मिठाने पडलेल्या चिरा. सोबत कुणी नव्हतं. जिना चढून दारात उभे राहिले आणि त्या पोरीला बघायचंय म्हणाले. शकू कोपऱ्यात बसली होती. ती उठून त्यांच्या पायांवर पडली. वृंदाताई मध्ये आल्या, त्यांना वाटलं म्हातारा मारील. त्याने मारलं नाही, शिव्याही दिल्या नाहीत. तो स्टुलावर बसला, माझ्यासमोरच्याच, आणि धाप ओसरल्यावर बोलला.

“तू इचारलंस का तिला? नाव?”

शकूने होकारार्थी मान हलवली.

“तिनं नाय घेतलं.”

“नाय.”

म्हातारा माझ्याकडे, म्हणजे टेबलाकडे, बघत म्हणाला, “पंचावन वरसां संसार केला. माजं नाव तिनं एकदाच घेतलं. लग्नात, घास देताना. लय हसले व्हते सगले.” त्याने उपरण्याने तोंड पुसलं. “माज्या मानापायी मेली गो ती. मना कशाला पायजे व्हता एवढा मान?”

तो उठला. जाताना शकूच्या डोक्यावर हात ठेवला, आणि तिला तो हात सोसला नाही. तो चार शब्द लागट बोलला असता तर ती सावरली असती असं मला अजून वाटतं.

सगळे गेल्यावर शकू माझ्यासमोर बसली. तिने पट्टा बांधला नाही, स्पिरिट घेतलं नाही. माझं मनगट धरलं आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, “तुमचं पूर्ण नाव सांगा.” आणि थांबली. वर्गात कुणी हसायला नव्हतं. खाली कान्हूचं काम बंद झालं, आळीतले दिवे लागले, तरी ती थांबलेलीच होती. मला तोंड असतं, मित्रांनो, तर मी त्या दिवशी काहीही नाव सांगितलं असतं. मग तिने इस्पितळात रुग्णाच्या मनगटाला बांधतात तशी एक पट्टी खणातून काढली, तिच्यावर त्याच गोल अक्षरात काहीतरी लिहिलं, माझ्या मनगटाला बांधली आणि ती निघून गेली. परत आली नाही.

ती मिठागरात गेली. पुढे पुतळीकडून कळलं की पहिल्या दिवशी सगुणाबाई तिला पाटी उचलू देईनात. “तुझी बोटां,” एवढंच त्या म्हणत राहिल्या. शकूने पाटी उचलली. एका हंगामात बोटं पहिल्यासारखी राठ झाली.

वर्ग बंद झाला. वृंदाताई मुलाकडे गेल्या आणि मी खाली कान्हूच्या कारखान्यात आलो. आता मी फळीवर गणपतीच्या हातांच्या रांगेत असतो. ते सगळे दरवर्षी घरोघरी जातात, मी एकटा मागे राहतो. माझं रबर चिकट झालंय, दोन बोटं तुटलीत, शिरांत मुंग्यांनी घर केलंय. गिऱ्हाईकं मला बघून दचकतात. कान्हूने मला टाकून दिलं नाही एवढंच.

पुतळी दरवर्षी जित्याहून कान्हूकडे गणपती सांगायला येते. ती आता तंत्रज्ञ आहे, गावोगावच्या शिबिरांत रक्त काढते. मागच्या खेपेला तिने सांगितलं की खाडीकाठच्या शिबिरात शकू येते. सुईला ती हात लावत नाही. टेबलाच्या एका टोकाला बसते आणि म्हाताऱ्या बायकांची नावं लिहून घेते. बाई नवऱ्याच्या नावाशी अडली, की शकू म्हणते, “आये, उखाण्यात घे.” उखाण्यात नाव घ्यायला बाईला बंदी नसते. मग म्हाताऱ्या लाजतात, पदर तोंडाला लावतात, आणि चांदीच्या ताटाचा नाहीतर अंगणातल्या तुळशीचा काहीतरी जुना उखाणा आठवून नाव घेतात. रांगेतल्या बायका हसतात. शकू हसत नाही. नाव लिहिते, वाचून दाखवते, आणि मगच पुतळीला म्हणते, टोच. समोर बसलेल्या बाईची शीर पुतळीला मिळाली नाही तरी शकू बोट लावत नाही. आता लावलं तरी त्या बोटाला कळणार नाही.

मित्रांनो, माझं एक ऐका. तुमच्या आजीचं पूर्ण नाव तुम्हाला येतं का? आजी, माई, बाय, हे नाही. पूर्ण नाव. येत नसेल तर आज घरी जाऊन विचारा आणि पाठ करा. ती लाजली तर आजोबांना विचारा. तिला कधी दवाखान्यात नेलं, तर खाटेपाशी उभे राहा, आणि कुणी नाव विचारलं की मोठ्याने सांगा. पुन्हा विचारलं तर चिडू नका, पुन्हा सांगा. विचारणारी मुलगी तुमचा वेळ खात नसते.

माझ्या मनगटावरची पट्टी अजून आहे. शाई दरवर्षी पुसट होते. कान्हू गणपतीचे डोळे आखायचा बारीक ब्रश घेतो, आणि सगळ्या मूर्तींचे डोळे आखून झाले की शेवटी ती अक्षरं पुन्हा गिरवतो. मी आता हैबतराव नाही. माझं पूर्ण नाव सीताबाई नाथा मोकल आहे. मला तोंड नाही, पण कुणी विचारलंच, तर मनगट पुढे आहे. वाचून घ्या.